दाढेतून काय पाझरतं, दाढेत काय शिरतं

नोव्हेंबर २०२५मध्ये जिनिव्हात पाऱ्यावरच्या मिनामाता करारातल्या देशांची बैठक झाली आणि दाढेत भरायची पाऱ्याची चांदी २०३४पर्यंत जगभरातून हद्दपार करायचं ठरलं. अशी बातमी वाचली की ज्यांच्या दाढांत वीस-पंचवीस वर्षांपासून ते काळपट फिलिंग बसलेलं आहे, त्यांच्या पोटात गोळा येतो. बंदी घालतात म्हणजे विषच असणार; मग माझ्या तोंडातलं काढून टाकू का? दुसरीकडे, दाताच्या रंगाचं फिलिंग मुलाच्या दाढेत भरून घेणाऱ्या आईवडिलांनी कुठेतरी वाचलेलं असतं की ते एक प्रकारचं प्लॅस्टिक आहे आणि त्यातून हार्मोन बिघडवणारं काहीतरी पाझरतं. या दोन्ही भीती निराधार नाहीत. पण दोन्हींचा आकार अवास्तव वाढला आहे, आणि त्या गडबडीत तिसरी, जास्त मोठी गोष्ट नजरेआड होते, असं या विषयावरचं संशोधन वाचताना मला सतत जाणवत आलं आहे.

फिलिंग सुरक्षित आहे का, या प्रश्नाला दोन अंगं आहेत. भरलेल्या पदार्थातून शरीरात काय उतरतं, हे एक. आणि भरलेला पदार्थ व दात यांच्यामधल्या फटीतून दातात काय शिरतं, हे दुसरं. पहिल्यावर गेली पावणेदोनशे वर्षं वाद चालू आहेत. दुसऱ्याने त्याहून कितीतरी जास्त दाढा घालवल्या आहेत.

आधी चांदीचं बघू. वजनाने साधारण निम्मा पारा, उरलेल्यात खरी चांदी, कथील आणि तांबं, असं हे मिश्रण. तांग काळातल्या चिनी औषधिग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो. युरोपात ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळलं आणि १८३३मध्ये क्रॉकूर बंधूंनी ते अमेरिकेत नेलं. तिथल्या दंतशल्यचिकित्सकांच्या पहिल्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या सभासदांकडून ते न वापरण्याची लेखी हमी घेतली, त्यावरून संघटनेत फूट पडली आणि १८५६मध्ये ती बंदच झाली. पुढे ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिश्रणाचं प्रमाण बसवून दिलं, आणि चांदी जगभर दंतवैद्यकाचा कणा झाली. १९२६मध्ये पाऱ्यावर काम करताना स्वतः आजारी पडलेले जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक यांनी पाऱ्याच्या वाफेविरुद्ध इशारा दिला आणि वाद पुन्हा पेटला.

श्टॉक यांचा मुद्दा वाफेचा होता, आणि तो बरोबर होता. धातुरूप पारा गिळला तर तो आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही. त्याची वाफ श्वासातून गेली तर मात्र साधारण ऐंशी टक्के शरीरात राहते. दाढेतल्या चांदीतून अशी वाफ सतत, अगदी थोडी, निघत असते. चावताना, दात घासताना, रात्री दात खाताना जास्त निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९१च्या अहवालात फिलिंगमधून दिवसाला ३.८ ते २१ मायक्रोग्रॅम वाफ मिळते असा अंदाज होता. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९९३मध्ये, सात ते दहा फिलिंग असलेल्या माणसासाठी, १ ते ५ मायक्रोग्रॅम इतका अंदाज दिला.

एवढ्या पाऱ्याने काय होतं, हे माणसांत तपासून पाहणारे दोन मोठे प्रयोग झाले, आणि दोन्हींचे निष्कर्ष २००६मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या ईशान्य भागात ५३४ मुलं, लिस्बनच्या कासा पिया या सरकारी शाळांमधली ५०७ मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून निम्म्यांना चांदी भरली, निम्म्यांना पांढरं फिलिंग. अमेरिकेत पाच वर्षं, लिस्बनमध्ये सात वर्षं त्यांची बुद्धी, स्मरणशक्ती, लक्ष आणि मूत्रपिंड तपासले. चांदीवाल्या मुलांच्या लघवीत पारा जास्त सापडला, पण त्यांच्या वाढीत वा बुद्धीत फरक सापडला नाही. सरासरी मुलासाठी हे उत्तर भक्कम आहे. पण सरासरीत न बसणारी मुलंही असतात: लिस्बनच्याच मुलांचे जनुक नंतर तपासले, तेव्हा विशिष्ट जनुकीय फरक असलेल्या मुलग्यांमध्ये पाऱ्याचा परिणाम जास्त दिसतो असा निष्कर्ष जेम्स वुड्स यांच्या गटाने २०१२मध्ये मांडला. म्हणून अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने २०२०मध्ये घेतलेली भूमिका मला पटते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं, मूत्रपिंडाचे वा मज्जासंस्थेचे रुग्ण आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले लोक यांना नवी चांदी शक्यतो भरू नये. पण ज्यांच्या दाढेत ती शाबूत आहे, त्यांनी ती उगाच उकरून काढू नये. उकरताना दात कोरणाऱ्या फिरत्या बरने जी वाफ आणि भुकटी उडते, ती शांत बसलेल्या फिलिंगच्या मानाने फार जास्त असते.

चांदीमुळे थकवा, डोकेदुखी, निद्रानाश होतो असं मानणाऱ्या नव्वद रुग्णांवर म्युनिकमध्ये केलेला प्रयोग इथे फार मोलाचा आहे. तीन गट केले. एका गटाची चांदी काढली, दुसऱ्याची काढून वर शरीरातला पारा उतरवायचे उपचार दिले, तिसऱ्याची चांदी तशीच ठेवून त्यांना आहार, व्यायाम आणि ताण हाताळायला शिकवलं. वर्षभराने तिन्ही गटांतल्या लोकांना जवळपास सारखंच बरं वाटत होतं. त्यांचा त्रास खोटा नव्हता. पण तो दाढेतून येत नव्हता. आपल्याकडे 'मर्क्युरी डिटॉक्स'च्या नावाखाली हजारो रुपये मोजणाऱ्यांना कोणी तरी हे सांगायला हवं.

पाऱ्याचा खरा मार खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या माणसांनी खाल्ला. जुन्या दवाखान्यांत चांदी खलात घोटली जायची. काचेचा लहानसा खल, त्यात मिश्रधातूची भुकटी, वर पाऱ्याचे थेंब. घोटून झाल्यावर तो लगदा तळहातावर घेऊन अंगठ्याने मळायचा, मग फडक्यात घालून चिमटीने पिळायचा, की जास्तीचा पारा फडक्यातून टिपटिप बाहेर येई. तो कधी ट्रेमध्ये पडे, कधी फरशीच्या सांध्यात जाऊन बसे आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात तिथून महिनोन्महिने वाफ सोडत राही. डॉक्टर दुपारी घरी जात. झाडणारी बाई आणि मदतनीस दिवसभर तिथेच. मोजून बंद केलेल्या कॅप्सूल आणि त्या हलवणारं यंत्र आलं, तेव्हा हे बरंचसं थांबलं.

आणि मग जिनिव्हाचा निर्णय कशासाठी? तर पारा एकदा पर्यावरणात गेला की तिथेच फिरत राहतो म्हणून. दवाखान्याच्या बेसिनमधून गटारात, गटारातून खाडीत. तिथले जीवाणू त्याचा मिथिल पारा करतात आणि तो माशांच्या अंगात साठत जातो. जपानमधल्या मिनामाताच्या उपसागरात कारखान्याच्या सांडपाण्याने हेच केलं, १९५६मध्ये त्या रोगाची अधिकृत नोंद झाली आणि करार त्या गावाच्या नावाने ओळखला जातो. भारताने हा करार २०१८मध्ये मंजूर केला. दहन करणाऱ्या आपल्यासारख्या समाजाने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: दाढेतली चांदी चितेत किंवा विद्युतदाहिनीत तापली की तिच्यातला सगळा पारा वाफ होऊन हवेत जातो. ब्रिटनने आपल्या दाहिन्यांतून निघणारा पारा २०१२पर्यंत निम्मा करायचं ठरवलं ते यासाठीच. नॉर्वेने २००८मध्ये आणि स्वीडनने २००९मध्ये चांदी जवळपास बंद केली. युरोपीय संघाने २०१८मध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी आणि २०२५पासून बहुतेक सर्वांसाठी. या निर्णयांमागे समुद्र आणि हवा आहेत, आणि ते कारण पुरेसं आहे. त्यातून 'माझ्या दाढेत विष आहे' असा अर्थ काढू नये.

आता पांढऱ्या फिलिंगकडे येऊ. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत काम करणाऱ्या राफाएल बोवेन यांनी १९६२मध्ये बिस-जीएमए नावाच्या रेझिनचं पेटंट घेतलं, आणि आजची बहुतेक पांढरी, म्हणजे कंपोझिट, फिलिंग त्याच घराण्यातली आहेत. घट्ट, चिकट रेझिन. ते पातळ करायला टेगडीएमएसारखे लहान रेणू. आत काचेची अतिबारीक पूड. आणि कॅम्फरक्विनोन हा पिवळसर पदार्थ, जो निळा प्रकाश पडताच साखळी जोडायची क्रिया सुरू करतो. डॉक्टर जो निळा लाईट मारतात तो यासाठी. प्रकाश पडला की सुटे रेणू एकमेकांना धरून कडक होतात.

पण सगळे धरत नाहीत. चांगल्या फिलिंगमध्येही रेझिनमधल्या जुळण्याजोग्या बंधांपैकी साधारण पन्नास ते पंचाहत्तर टक्केच जुळतात. उरलेल्यांतले बरेचसे एका टोकाने साखळीत अडकलेले असतात. जे पूर्ण सुटे राहतात ते पहिल्या काही तासांत आणि दिवसांत लाळेत उतरतात, पुढे उतरणं अगदी कमी होत जातं. वरच्या पृष्ठभागावर तर हवेतला ऑक्सिजन क्रिया अडवतो, त्यामुळे केसाच्या जाडीहूनही पातळ असा एक चिकट, कच्चा थर राहतो. तो घासून, पॉलिश करून काढला आणि रुग्णाने लगेच अर्धा मिनिट चूळ भरून थुंकली, की पाझरण्याचा मोठा हिस्सा तिथेच संपतो. फुकटातला उपाय आहे हा. गर्दीच्या दवाखान्यात मात्र "झालं, बाई, उठा" म्हणताना नेमकी ती चूळच राहून जाते.

बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए, हे नाव आता पाण्याच्या बाटल्यांमुळे सर्वांना माहीत आहे. बिस-जीएमए त्यापासूनच बनवतात. १९९६मध्ये ग्रॅनडा विद्यापीठाच्या निकोलास ओलेआ यांच्या गटाने अठरा जणांच्या दाढांवर रेझिनचं पातळ आवरण, म्हणजे सीलंट, लावून पहिल्या तासातली लाळ तपासली आणि तिच्यात ९० ते ९३१ मायक्रोग्रॅम बीपीए सापडल्याचं जाहीर केलं. दंतवैद्यक हादरलं. नंतरच्या तपासण्यांत इतके मोठे आकडे पुन्हा मिळाले नाहीत, पण मूळ शंका खोटी ठरली नाही. बिस-डीएमए नावाचं एक रेझिन लाळेतल्या विकरांनी खरोखरच तुटतं आणि बीपीए मोकळं होतं. बिस-जीएमएमधला त्याच जागचा जोड जास्त चिवट असल्याने लाळ तो तोडू शकत नाही. त्यातून मिळतं ते कारखान्यात राहून गेलेलं किंचित बीपीए. फिलिंगनंतर लाळेत आणि लघवीत ते पहिल्या दिवसात वाढतं आणि मग उतरतं.

हे किंचित म्हणजे किती धोक्याचं, यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२३मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा दर किलो वजनामागे चार मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पटींनी खाली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने ती मान्य केली नाही आणि स्वतःची मर्यादा त्याच्या हजारपट वर ठेवली. युरोपीय आकडा धरला तर नुसत्या अन्नातूनच बहुतेक लोक ती ओलांडतात. दाढेचा वाटा त्यात अगदी लहान. तरी मी ही शंका झटकणार नाही, कारण अमेरिकेतल्या त्याच चांदीच्या प्रयोगातल्या मुलांची पुढची नोंद २०१२मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात बिस-जीएमएची फिलिंग जास्त काळ असलेल्या मुलांचे मनोसामाजिक गुण थोडे कमी आले होते. चांदीवाल्यांत तसं नव्हतं, आणि वेगळ्या रेझिनची फिलिंग असलेल्यांतही नव्हतं. फरक लहान आहे आणि कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. पण पाऱ्याची भीती म्हणून जे पांढरं भरायचं, त्यालाही तपासणीतून सूट मिळू नये, एवढं त्यातून निश्चित होतं.

इथे कारागिरी किती महत्त्वाची आहे, ते निळ्या लाईटच्या टोकाशी जाऊन पाहावं. कंपोझिट दोन मिलिमीटरच्या थरांनी भरायचं आणि प्रत्येक थरावर वेगळा प्रकाश द्यायचा असतो. खास बनवलेली काही कंपोझिट चार मिलिमीटरपर्यंत चालतात. शेवटच्या दाढेत, लहान तोंडात, लाईटचं टोक सरळ बसत नाही. ते तिरकं होतं, वर राहतं, मदतनीस भिंतीकडे बघत हात हलवतो. डोळे वाचवायला नारिंगी चष्मा हवा. तो नसला की प्रकाशाकडे पाहायचं टाळावं लागतं आणि मग टोक कुठे आहे हेच कळत नाही. वरचा थर दगडासारखा लागतो, तळाचा थर मात्र ओलसर कच्चा. आणि कच्चा थर असतो तो नसेच्या सर्वांत जवळ. उलट बाजूने, आजचा शक्तिशाली लाईट एकाच जागी जास्त वेळ रोखला तर उष्णतेचा प्रश्न येतो. माकडांच्या दातांवर झाक आणि कोहेन यांनी १९६५मध्ये केलेल्या प्रयोगात आतलं तापमान साडेपाच अंशांनी वाढल्यावर पंधरा टक्के दातांची नस पुन्हा सावरली नाही.

नस, म्हणजे डॉक्टर ज्याला पल्प म्हणतात, ती या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. दाताच्या वरच्या कठीण थराखालचं, म्हणजे इनॅमलखालचं, डेंटिन भरीव नसतं. त्यात आरपार सूक्ष्म नलिका असतात, इनॅमलजवळ दर चौरस मिलिमीटरला वीसेक हजार आणि नसेजवळ पंचेचाळीस हजारांच्या वर. म्हणजे खड्डा जितका खोल, तितकी नसेकडे जाणारी वाट मोठी. पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातं की खड्ड्याच्या तळाशी अर्धा मिलिमीटर डेंटिन शिल्लक असेल तर विषारी परिणाम पाऊण भागाने कमी होतो, एक मिलिमीटर असेल तर नव्वद टक्क्यांनी. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर रेझिनचे सुटे रेणू टाकले की पेशी मरतात, हे खरं आहे. त्यांच्यातलं ग्लुटाथायोन संपतं, ऑक्सिडेशनचा ताण वाढतो. पण बशीतल्या पेशीसमोर डेंटिनची भिंत नसते, नलिकांतून उलट बाहेर वाहणारा द्रव नसतो आणि रेणू धुऊन नेणारं रक्तही नसतं. अशा प्रयोगांवरून बातमी करणाऱ्यांनी एवढं तरी लिहावं.

शंभर वर्षं समज असा होता की फिलिंगखाली नस मरते ती साहित्याच्या तेजाबाने किंवा विषाने. तो समज मोडला उंदरांनी. १९६५मध्ये अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड यांनी दोन प्रकारच्या उंदरांच्या दाढांना नसेपर्यंत भोक पाडलं आणि काहीही न भरता उघडं सोडलं. एक गट जन्मापासून जंतूविरहित काचेच्या पेटीत वाढलेला, दुसरा नेहमीचा. नेहमीच्या उंदरांच्या दाढांत आठव्या दिवशी जिवंत नस मुळाच्या टोकाकडच्या अर्ध्या भागातच उरली होती, पुढे गळू झाले. जंतूविरहित उंदरांच्या भोकात अन्न, कचरा सगळं गच्च भरलं होतं, तरीही दोन आठवड्यांत नसेवर नव्या डेंटिनचा पूल बांधला जाऊ लागला. फरक होता तो केवळ जंतूंचा. १९८७मध्ये कॉक्स आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या उघड्या नसेवर थेट चांदी, कंपोझिट, सिलिकेट, झिंक फॉस्फेट ठेवून पाहिलं. ज्यांना दंतवैद्य 'तिखट' म्हणत, तेच पदार्थ. वरून कड नीट बंद केली होती, तिथे नस भरून आली. बंद केली नव्हती, तिथे जंतू शिरले आणि नस सुजली. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे, आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा.

म्हणून काहीही चालतं असं मात्र नाही. नव्वदच्या दशकात कंपोझिट दाताला चिकटवणारा चिकटद्रव उघड्या नसेवर थेट लावायची लाट आली. माकडांत जमलं, माणसांच्या दातांत जमलं नाही. ब्राझीलमधल्या अभ्यासकांनी काढलेले दात कापून पाहिले, तर चिकटद्रवाखाली महिनोन्महिने दाह टिकून होता आणि पूल बांधला गेला नव्हता, तर १९२०पासून वापरात असलेल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडखाली तो बांधला गेला होता. त्याच मार्गाने पुढे महमूद तोराबिनेजाद यांनी कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात १९९३च्या सुमारास एमटीए आणलं. ते घर बांधायच्या पोर्टलँड सिमेंटचंच शुद्ध केलेलं रूप, एक्स-रेवर दिसावं म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड. ओलाव्यातच ते घट्ट होतं, तीव्र अल्कधर्मी असतं आणि नसेला नवं डेंटिन बांधायला लावतं. त्याचे दोष म्हणजे घट्ट व्हायला तास लागतात आणि बिस्मथमुळे दात करडा पडतो. नंतरच्या बायोडेंटिनसारख्या साहित्यात झिर्कोनियम वापरून ते बरेच कमी केले आहेत. खोल किडलेली दाढ आता सरळ रूट कॅनॉलला न नेता वाचवता येते, ती या सिमेंटांमुळे. फिलिंगच्या साहित्यात 'जैविक' हा शब्द कुणाला शोभत असेल, तर यांना.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं मानणाऱ्यांसाठी लवंगेच्या तेलाचं उदाहरण सांगतो. घरोघरी दाढ दुखली की लवंग धरतात, आणि दवाखान्यातही तिच्यातलं युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरतं फिलिंग करतात. डेंटिनच्या आडून थोडं युजेनॉल नसेला शांत करतं. पण उघड्या नसेवर तेच गाढ युजेनॉल पेशी मारतं, हिरडीवर सांडलं तर ती भाजते. शिवाय ते फिनॉल आहे, रेझिनच्या साखळ्या जोडणारे मूलक ते शोषून घेतं. त्याच्यावर थेट कंपोझिट भरलं तर रेझिन नीट कडक होत नाही आणि सुटे रेणू जास्त राहतात.

आता कडेचा प्रश्न. कंपोझिट कडक होताना दोन-तीन टक्क्यांनी आक्रसतं, ओली जमीन सुकताना भिंतीच्या कडेने सुटते तसं. ते दाताला धरून राहावं म्हणून १९५५मध्ये मायकेल ब्युओनोकोरे यांनी इनॅमल फॉस्फोरिक आम्लाने खरखरीत करायची युक्ती काढली आणि १९८२मध्ये नोबुओ नाकाबायाशी यांनी रेझिन डेंटिनच्या तंतूंत मुरवून संकरित थर तयार होतो हे दाखवलं. इनॅमलची पकड पक्की असते. डेंटिनची सैल पडत जाते, कारण डेंटिनमधलीच विकरं ते उघडे तंतू खातात आणि लाळेतली विकरं रेझिन तोडतात. टोरोंटोमधल्या संशोधकांनी २०१३मध्ये दाखवलं की दात किडवणारा स्ट्रेप्टोकोकस म्युटान्स स्वतःसुद्धा हे रेझिन तोडू शकतो. ज्या जंतूला बाहेर ठेवायचं, त्याच्याकडेच कुलूप तोडायचं हत्यार आहे.

याचा परिणाम लिस्बनच्या त्याच मुलांच्या दाढांत मोजला गेला. सात वर्षांनी चांदीची ९४.४ टक्के फिलिंग टिकून होती, कंपोझिटची ८५.५ टक्के; आणि कंपोझिटच्या कडेने पुन्हा कीड लागायचं प्रमाण साडेतीन पट जास्त. आजची चिकटद्रवं त्या काळापेक्षा चांगली आहेत, हे मान्य. पण कडेने लागलेली कीड म्हणजे पुन्हा बर, खड्डा आणखी मोठा, नसेपासूनचं अंतर आणखी कमी. पाझरणाऱ्या थोड्याशा रेणूंपेक्षा दाताच्या जीवाला हा धोका कितीतरी मोठा आहे.

ॲलर्जीचं प्रकरण वेगळं. इथे मात्रेचा हिशोब चालत नाही. ज्याला होते त्याला अगदी थोड्यानेही होते. रुग्णांमध्ये ती विरळ. डॉक्टर आणि मदतनीस यांच्यात मात्र हेमा या चिकटद्रवातल्या रेणूची ॲलर्जी चांगलीच ओळखीची आहे: बोटांची टोकं कोरडी पडतात, चिरतात, बधिर होतात. कारण हेमा लॅटेक्सच्या हातमोज्यातून काही मिनिटांत आरपार जातो. मोजा घातला म्हणून निर्धास्त बोटाने कंपोझिट दाबणाऱ्याला मोजा वाचवत नाही. चिकटद्रव लागलेला मोजा लगेच बदलणं आणि हात न लावता काम करणं हाच उपाय. नखांवरच्या जेलमध्येही हेमा असल्याने ब्यूटी पार्लरमधून ही ॲलर्जी घेऊन आलेल्या मुली आता दंतवैद्यासमोर बसू लागल्या आहेत. जेलने नखांभोवती खाज किंवा पुरळ आला असेल, तर फिलिंगआधी डॉक्टरांना जरूर सांगावं.

चांदीला लागून असलेल्या गालावर कधी पांढरी जाळी उठते आणि ते फिलिंग बदललं की बहुतेक वेळा जाते. पण आपल्याकडे गालातला पांढरा चट्टा पाहून दोष फिलिंगवर ढकलणं धोक्याचं आहे. तंबाखू, मावा, गुटखा खाणाऱ्याच्या तोंडात तो कर्करोगाआधीचा चट्टा असू शकतो. फिलिंग बदलून दोन-तीन महिन्यांत तो गेला नाही, तर तुकडा काढून तपासलाच पाहिजे.

ग्लास आयोनोमरबद्दल थोडक्यात. लंडनमधल्या सरकारी प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट यांनी १९६९च्या सुमारास ते बनवलं. फ्लोराइडयुक्त काचेची पूड आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल. निळ्या लाईटची गरज नाही, ओल्या डेंटिनला रासायनिक पकड घेतं, आक्रसण्याचा ताण कमी, सुटे रेझिन नाही, बीपीए नाही. शिवाय थोडं फ्लोराइड सोडतं. शुद्ध जैविक निकषांवर ते सर्वांत सौम्य साहित्यांपैकी आहे. कमजोरी ताकदीत: दाढेच्या मोठ्या, दोन-तीन बाजू गेलेल्या खड्ड्यात ते झिजतं, तुटतं. टांझानियात ऐंशीच्या दशकात यो फ्रेंकेन यांनी हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर भरायची पद्धत बसवली, ना वीज ना ड्रिल, आणि १९९४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती उचलून धरली. ग्लास आयोनोमरमध्ये रेझिन मिसळलेला प्रकार जास्त मजबूत, पण मग हेमा पुन्हा आलाच.

हे सगळं साहित्य बाजारात येण्याआधी आयएसओ ७४०५ आणि १०९९३ या मानकांनुसार तपासलं जातं, आणि भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू आहेत. पण प्रयोगशाळेत तपासतात ती नीट मापाने बनवलेली, पूर्ण प्रकाश दिलेली, कोरडी चकती. दाढेत तसं काही नसतं. तिथे जीभ असते, लाळ असते, हिरडीतून येणारं रक्त असतं, मे महिन्यात विदर्भातल्या दवाखान्यात झाकण उघडं राहिलेल्या बाटलीतून उडून गेलेलं चिकटद्रवाचं ॲसिटोन असतं. म्हणून रुग्णाने "कोणत्या कंपनीचं?" यापेक्षा विचारावं ते वेगळंच. दात कोरडा ठेवायला रबर डॅम लावाल का? थराथराने भराल का? कीड खोल असेल तर तळाशी काय ठेवाल? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. चांगल्या डेंटिस्टला ते आवडतात.

चांदीचा एक गुण तिच्या निरोपाच्या वेळी मान्य केला पाहिजे: ती ओलावा आणि घाई दोन्ही सोसते. थोडी लाळ लागली, दहा मिनिटांत भरून झाली, तरी काळाबरोबर तिच्या कडेला गंजाचे क्षार साचून फट आपोआप बुजत जाते. कंपोझिटला यातलं काहीच सोसत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात सकाळी लागलेली रांग आणि एक खुर्ची, तीही वीज असेपर्यंत. तिथे चांदीच्या जागी घाईघाईत भरलेलं, अर्धवट वाळवलेलं कंपोझिट आलं, तर पारा जाईल आणि तीन वर्षांत कडेने किडलेल्या दाढा परत येतील, तेव्हा त्या रूट कॅनॉलच्या असतील किंवा काढायच्या. २०३४ची तयारी म्हणजे खरेदीच्या यादीतलं एक नाव बदलणं एवढंच धरलं तर हेच होईल. लहान खड्ड्यांना ग्लास आयोनोमर, मोठ्यांना कंपोझिट आणि त्यासाठी दर दाढेमागे दुप्पट वेळ, मदतनीस, चालू स्थितीतला लाईट आणि त्याची तीव्रता मोजणारा साधा मीटर, एवढा हिशोब सरकारी दवाखान्यांच्या अंदाजपत्रकात आत्तापासून धरायला हवा. आणि जुनी चांदी काढताना निघणारा चुरा गटारात न जाता गाळून साठवणारी चाळणी प्रत्येक खुर्चीला हवी, कारण आपल्या दाढांत आज जेवढा पारा आहे, तो पुढची तीस-चाळीस वर्षं थोडा थोडा बाहेर येतच राहणार आहे.